टोलनाक्याचं हेल्मेट

बायू शेव्रेट, लुइझियाना
४ मार्च १९७९

वालचक काका,

पार्सल उघडण्याआधी पत्र वाचा. तुम्ही नेमकं उलटं करणार हे मला ठाऊक आहे, पण सांगणं माझं काम.

खोक्यात माझं हेल्मेट आहे. पुसू नका. पुसलंत तर मी स्वतः मिशिगनला येऊन तुमच्या कोबीच्या वाफ्यात गाडी घालीन. त्यावर फुटबॉलचा सबंध हंगाम आहे, सोळा सामने, धडकांत समोरच्यांच्या हेल्मेटांचे रंग एकावर एक चढलेले. मी कुणाकुणाला कधी पाडलं ते मला त्यावर वाचता येतं.

तुम्ही निवृत्त झालात आणि संघाचं सामान सांभाळायला तुमच्या जागी स्पेन्सर आला. माणूस भला आहे. पण त्याला सगळं पुस्तकात बघून करायचं असतं, आणि माझं डोकं काही त्याच्या पुस्तकात बसत नाही. तीन नवी हेल्मेटं घालून बघितली. एकात कान दुमडतात, एकात कपाळ दुखतं, तिसरं घातलं तर ओळीतले सगळे फिदीफिदी हसायला लागले. शेवटी तुम्ही आतून चामडं लावून दिलेलं हे जुनंच वापरलं.

आता काम सांगतो. मानेमागे एक गादी शिवून हवी. हेल्मेटच्या मागच्या कडेला टेकेल अशी, आणि जर्सीच्या आत जाईल, बाहेरून दिसणार नाही अशी. स्पेन्सरला सांगितलं तर तो ट्रेनरला सांगणार, ट्रेनर डॉक्टरला, डॉक्टर कोच डर्किनला, आणि मंगळवारपर्यंत माझ्या जागी कुणीतरी बावीस वर्षांचा उभा असणार. फार काही नाही, सकाळी मान जरा अवघडते. वय झालं. एकतिसावं लागलं.

येता हंगाम माझा दहावा, काका. दहा भरले की मैदानात जायच्या बोगद्यात भिंतीवर फोटो लागतो. तुम्हाला काय सांगायचं, त्या काचा तुम्हीच पुसत आलात. पण मागच्या फळीत उभं राहून धडका देणाऱ्या एकाचाही फोटो तिथं नाही. ही माणसं दहा वर्षं टिकत नाहीत म्हणतात. मला टिकून दाखवायचंय.

इकडं सगळं ठीक. भाताच्या खाचरांत पाणी सोडलंय, सासऱ्यांबरोबर रोज सकाळी झिंग्यांचे पिंजरे उचलतो. ओडेटची शाळेतली तिसरीची पोरं तिला छळतात, ती घरी येऊन मला छळते. आमची नॅनेट सहा वर्षांची झाली. परवा पेट्रोलपंपावर एक म्हातारा मला म्हणाला, "काय टोलनाका, यंदा कोण कोण पावती फाडून गेलं?" नाव काही सुटत नाही. मधल्या पट्ट्यातून जायचं तर माझ्याकडं थांबूनच जावं लागतं, त्याला मी काय करणार?

तुमचा,
एल्व्हिन गिलरी

*

ऑटर पॉइंट, मिशिगन
१५ मार्च १९७९

एल्व्हिन पोरा,

पार्सल आधी उघडलं.

तळ्यावर अजून बर्फ आहे आणि मला दुसरा उद्योग नाही, म्हणून तुझं हेल्मेट स्वयंपाकघरातल्या टेबलावर खिडकीसमोर ठेवलं आणि चष्मा लावून बसलो. पुसलं नाही, घाबरू नकोस. शेजारचा फ्रँक कॉफीला आला होता, तो म्हणाला, पोराटोरांनी रंगपेटी सांडली काय यावर?

तू म्हणतोस तुला ते वाचता येतं. मलाही येतं. एकतीस वर्षं दर सोमवारी पन्नास हेल्मेटं हातांतून गेली, दुसरं केलं काय? हिरवा डाव्या बाजूला, तो सप्टेंबरमधला. मी टीव्हीवर बघितलं होतं. पिवळा कानावर, तो घसरून गेलेला. आणि नारंगी. बोटभर रुंद, चांगला खोल ओढलेला, आणि आहे कुठं? थेट टाळूवर. त्याच्या मागे पांढरा, तोही टाळूवर. निळाही तिथंच. एल्व्हिन, ऑक्टोबरनंतरचा एकही रंग कपाळावर नाही.

आता हे मी तुला समजावून सांगायचं म्हणजे कमालच. समोर बघत धडकणाऱ्याच्या तोंडावरच्या जाळीला आणि भुवयांच्या वर रंग लागतो. पायांकडं बघत धडकणाऱ्याच्या टाळूला लागतो. मान खाली गेली की मणके एकावर एक सरळ उभे राहतात, आणि धक्का सगळा त्यांच्यावर. एखाद्या रविवारी पडशील आणि हात हलव म्हटलं तर हलणार नाही. असे मी माझ्या काळात दोघे बघितले. दोघांना उचलून नेताना हेल्मेट मीच धरलं होतं.

तू शेवटच्या क्षणी डोळे मिटतोस. घाबरतोस, दुसरं काही नाही. यात लाज वाटण्यासारखं काय आहे? तिशी ओलांडली की सगळे घाबरतात, कबूल कुणी करत नाही. घाबरणाऱ्याला गादी शिवून देऊन उपयोग नाही. मान वर ठेवायला शीक पुन्हा, किंवा घरी बस. तुझं उत्तर येईपर्यंत सुई हातात धरणार नाही.

ओडेटला नमस्कार. झिंगे डबाबंद करून पाठवता येत असतील तर पाठव.

कॅसिमिर वालचक

*

बायू शेव्रेट
२६ मार्च १९७९

श्री. वालचक,

नऊ वर्षांत मला कुणी भित्रा म्हटलं नव्हतं. ज्यांना मी पाडलं त्यांनी नाही, ज्यांनी मला पाडलं त्यांनी नाही, वर्तमानपत्रवाल्यांनीही नाही. म्हटलं कुणी, तर ज्याने आयुष्यात एकदाही धडक खाल्ली नाही, सुईदोरा आणि फडकं घेऊन कडेला उभा राहिला, त्याने.

नारंगीवाल्यांच्या त्या बैलाला मी पाडलं तेव्हा तो माझ्याहून पस्तीस किलोनं जड होता. स्टेडियममध्ये अर्धा मिनिट आवाज नव्हता. घाबरलेला माणूस असं करतो?

गादी नको. हेल्मेट परत पाठवा.

ए. गिलरी

*

ऑटर पॉइंट
९ एप्रिल १९७९

एल्व्हिन,

शिव्या पोचल्या. झिंगे पोचले नाहीत.

कडेला उभा होतो हे खरं. कडेला उभं राहून मी काय केलं ते तुला सांगायचं राहिलंय, म्हणून हे पत्र.

दर सोमवारी मी लिपिन्स्कीच्या दुकानातून लसणीच्या सॉसेजचं एक वेटोळं आणायचो आणि ज्याच्या हेल्मेटवर सगळ्यात जास्त रंग असेल त्याच्या कपाटाला टांगायचो. तुम्ही सगळे गोळा व्हायचात, हेल्मेटं टेबलावर ओळीनं मांडायचात, लहान पोरांसारखे भांडायचात. वर्षामागून वर्षं ते तुझ्याच कपाटाला लागलं. कोचनं नाही, मालकानं नाही, मी सुरू केलं होतं ते. मला वाटलं गंमत आहे. पोरांना हुरूप येतो.

माझ्या शेवटच्या हंगामात, सत्त्याहत्तरच्या नोव्हेंबरमध्ये, तुझ्या टाळूवर पहिला रंग दिसला. मला दिसला. मी अंगठ्यानं चाचपून बघितला. आणि सॉसेज तुझ्याच कपाटाला टांगलं, कारण रंग सगळ्यात जास्त तुझ्याच हेल्मेटवर होता, आणि नियम तो नियम. तेव्हा तोंड उघडलं असतं तर आज पत्र लिहायची वेळ आली नसती. तुला भित्रा म्हणणारा मी, तेव्हा तुझ्यासमोर एक वाक्य बोलायला घाबरलो.

हे झालं माझं. हेल्मेट लगेच पाठवता येणार नाही. आतलं कपाळपट्टीचं चामडं तडकलंय. चामडं शिकागोहून मागवलंय.

कॅ. वालचक

*

बायू शेव्रेट
२२ एप्रिल १९७९

श्रीयुत वालचक काका यांस,

आपली भेट दोनदाच झाली आहे, त्यातली एक माझ्या लग्नात, तेव्हा तुम्ही पोल्काचा नाच केलात आणि माझ्या आत्याचा चष्मा पडला. तरीही हे लिहिते. एल्व्हिनला न सांगता लिहिते, म्हणून उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा.

तुमचं मार्चमधलं पत्र त्यानं फाडलं नाही. पिंजऱ्यांच्या खोलीत खिळ्याला अडकवून ठेवलंय. मी वाचलं. काका, तुम्ही रंग बरोबर वाचलात, माणूस चुकलात.

तो डोळे मिटत नाही. त्याला मान वर करता येत नाही.

गेल्या नोव्हेंबरपासून हे चाललंय. दाढी करताना हनुवटी उचलता येत नाही, म्हणून गळ्याखालची दाढी मी करून देते, आणि आम्ही दोघंही असं वागतो जणू हा नवराबायकोचा लाडिकपणा आहे. बाटलीतलं पाणी प्यायचं तर कमरेतून मागे वाकतो. छतातला दिवा गेला, तो आठ दिवस तसाच राहिला, शेवटी मीच स्टुलावर चढले. ईस्टरला चर्चमध्ये नॅनेट माळ्यावर उभं राहून पोरांबरोबर गायली. घरी आल्यावर तिनं विचारलं, "पपा, मी दिसले ना?" तो म्हणाला, "सगळ्यांत छान तूच दिसलीस." त्याची नजर सबंध वेळ पुढच्या बाकावरच्या बाईच्या टोपीवर होती. डाव्या हाताची दोन बोटं कधी कधी मरतात. चमचा पडतो. तो म्हणतो, निसटला.

म्हणजे पुढच्या हंगामात तो मान खालीच ठेवून धडकणार. त्याला दुसरं काही करताच येणार नाही. तुम्ही लिहिलंय ना, हात हलव म्हटलं तर हलणार नाही? ते वाक्य वाचल्यापासून मला झोप नाही.

मी बोलले. भांडले. तो म्हणतो फक्त एक हंगाम, ओडेट, सोळा रविवार. मी सांगितलं तर ते बायकोचं रडगाणं. तुम्ही सांगितलंत तर कोच डर्किन ऐकतील. त्यांना पत्र लिहा. एवढंच मागते.

ओडेट गिलरी

*

ऑटर पॉइंट
३ मे १९७९

ओडेट मुली,

तुझं पत्र वाचून मी उठलो आणि बाहेर जाऊन लाकडं फोडली. गरज नव्हती, ढीग पडलाय.

मी माझ्या शहाणपणाच्या तोऱ्यात होतो. हेल्मेट बघितलं, माणूस बघितला नाही. त्याला घाबरट म्हटलं, आणि तो बिचारा वर बघू शकत नव्हता. त्याची माफी मागायची आहे, पण मागितली तर तू लिहिल्याचं त्याला कळेल. म्हणून तूर्त ती माझ्याकडे उधार.

आता कोचचं. मुली, मी एकतीस वर्षं लॉकररूममध्ये राहिलो, कारण तिथं जे दिसतं ते मी बाहेर नेलं नाही. कोण रडतं, कुणाचं कंबरडं पट्ट्यानं बांधलंय, कोण गोळ्या खातो. पोरं माझ्यासमोर कपडे काढायची ती त्या भरवशावर. मी डर्किनला लिहिलं आणि एल्व्हिनला कळलं, तर तो दुसऱ्या कुठल्या तरी संघात जाईल, तिथंही मान लपवील, आणि मग त्याच्याशी खरं बोलायला तूही उरणार नाहीस आणि मीही. त्याला स्वतःच्या पायानं थांबायला हवं. दुसऱ्यानं थांबवलं तर जन्मभर म्हणेल, मी खेळलो असतो.

पण एक गोष्ट आहे. हेल्मेट माझ्याकडे आहे. ते सोडून दुसरं त्याच्या डोक्यावर बसत नाही, आणि संघाचा सरावाचा कॅम्प जुलैत आहे. म्हातारा माणूस किती आळशी असू शकतो ते तुझ्या नवऱ्याला आता कळेल.

तुझा,
वालचक काका

*

बायू शेव्रेट
२८ मे १९७९

काका,

आधीचं पत्र रागात लिहिलं. सुईदोऱ्याचं बोललो ते बोलायला नको होतं. तुम्ही सॉसेजचं जे लिहिलंत ते मात्र मनातून काढून टाका. ते नसतं तरी मी तसाच खेळलो असतो. खरं तर तुमच्या सॉसेजपेक्षा आमचं इकडचं जास्त चांगलं असतं, नऊ वर्षं मन मोडवेना म्हणून खाल्लं.

चामडं आलं का? कॅम्प पंधरा जुलैला आहे. मी तयारीत आहे. रोज पाच मैल पळतो. फेब्रुवारीत क्लबच्या डॉक्टरनं तपासलं होतं, गुडघे, छाती, रक्त, सगळं. मान विचारली, मी डावीउजवीकडे वळवून दाखवली, त्यानं सही केली. तेव्हा तुमचं टाळूचं शास्त्र बाजूला ठेवा आणि पार्सल बांधा. गादीसुद्धा शिवलीत तर तुमच्या आवडीचे झिंगे घेऊन माणूस पाठवतो.

एल्व्हिन

*

ऑटर पॉइंट
६ जून १९७९

एल्व्हिन पोरा,

चामडं आलं, पण तपकिरी आलं. मी काळं सांगितलं होतं. परत पाठवलं.

मग इकडं तळं मोकळं झालं, मासे यायला लागले, फ्रँकची बोट गळते, ती बघायला मी लागतो. मग चर्चची मासळीची जेवणावळ होती, दोनशे माणसं. परवा हेल्मेट हातात घेतलं तर कानाजवळचा एक स्क्रू गंजलेला. नवा स्क्रू गावात मिळत नाही. दुकानदार म्हणतो जूनअखेर. मी काय करू? हात कापतात हल्ली, सुई ओवायला फ्रँकच्या बायकोला हाक मारावी लागते, आणि तिला आपलं सुनेचं पुराण सांगितल्याशिवाय सुई ओवता येत नाही.

तू असं कर. कॅम्पला जाताना वाट वाकडी करून इकडं ये आणि स्वतः घेऊन जा. डोक्यावर बसवून बघता येईल. पोस्टात चेपलं तर पुन्हा तू मलाच बोलशील.

आणि पोरा, येण्याआधी एक वाक्य लिहून पाठवशील का? मानेला खरं काय झालंय? एकच वाक्य. मी कुणाला सांगणार नाही, कधी सांगितलंय?

काका

*

बायू शेव्रेट
३० जून १९७९

काका,

बारा जुलैला दुपारी पोचतो. हेल्मेट तयार ठेवा.

मान ठीक आहे.

एल्व्हिन

*

ऑटर पॉइंट
१३ जुलै १९७९

ओडेट मुली,

काल तो येऊन गेला. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तो घरी असेल की कॅम्पमध्ये, मला सांगता येत नाही. जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

मी हेल्मेट बोटीच्या शेडमध्ये ठेवलं होतं. मुद्दाम. शेडच्या मधोमध आडवी तुळई आहे, जुनी जाळी टांगायला आकडे आहेत, त्यातल्या एका आकड्याला. त्याची उंची मला इंचानं माहीत आहे, एवढी वर्षं त्याची विजार मीच मापली. त्याच्या डोक्याच्या बरोबर वर, हनुवटीची पट्टी खाली लोंबत. शब्दांनी त्याचं काही होत नाही हे तुला आणि मला दोघांनाही कळून चुकलं होतं.

तो हसत आला. गाडीतून बर्फात घातलेले झिंगे काढले, मला मिठी मारली, म्हणाला, "काय आळशी म्हातारा आहे! अर्धा देश ओलांडून यायला लावलंत." मी म्हटलं, "शेडमध्ये आहे तुझं. जा, घे." आणि मी दारातल्या ओंडक्यावर बसलो.

त्यानं शोधायला सुरुवात केली. कामाच्या बाकावर बघितलं. बाकाखाली बघितलं. पिंपांची झाकणं उघडली. जाळ्यांचा ढीग उपसला. "काका, कुठं ठेवलंयत?" म्हटलं, "समोरच आहे." तो पुन्हा बाकाकडे गेला. वल्ह्यांमागे, बोटीत, बोटीच्या पलीकडे. त्याच्या येरझाऱ्या सगळ्या त्या तुळईखालून चालल्या होत्या. दोनदा ती पट्टी त्याच्या केसांना घासली, ओडेट. त्यानं हातानं झटकली. त्याला वाटलं कोळिष्टक आहे.

मी खूप ठरवून बसलो होतो काय बोलायचं ते. ओंडक्यावरून उठलो, पुन्हा बसलो. हे करायला नको होतं असं वाटायला लागलं. कुणाला असं बघू नये.

शेवटी तो बरोबर हेल्मेटच्या खाली उभा राहिला, कमरेवर हात ठेवून, आणि म्हणाला, "थट्टा पुरे हं काका. आधी म्हणता स्वतः घेऊन जा, आता लपवता." मी नुसतं बोट वर केलं.

त्यानं माझ्या बोटाकडे बघितलं. बराच वेळ बोटाकडेच बघत राहिला. मग एका हातानं बाकाची कड धरली, गुडघे वाकवले, आणि सबंध पाठ मागे टाकली, झाडावरची खार बघताना टाकतात तशी नाही, आजारी माणूस पलंगावर टेकतो तशी, सावकाश. आणि मग त्याला ते दिसलं.

तो तसाच राहिला. मग सरळ झाला आणि पिंपावर बसला. मी जवळ गेलो, म्हटलं, "मी तुला भित्रा म्हटलं ते चूक होतं. माफ कर." त्यानं विचारलं, "मी किती वेळ शोधत होतो?"

"वीस मिनिटं असतील."

"मैदानात एक सेकंद मिळतो," तो म्हणाला.

मी धुरावलेला मासा आणि काळा राय पाव दिला, त्यानं खाल्ला. नॅनेटबद्दल बोलला, तिला पोहायला शिकवायचंय म्हणाला. मी हेल्मेट काढून दिलं. त्यानं ते मांडीवर घेतलं, रंगांवरून अंगठा फिरवला आणि गाडीत मागच्या सीटवर ठेवलं. "कुठं निघालास?" असं मी विचारलं नाही. विचारायचा मला अधिकार होता असं वाटलं नाही. आमच्या रस्त्याच्या टोकाला फाटा आहे, डावीकडे गेलं की कॅम्प, उजवीकडे दक्षिण. मधे पाइनची झाडं आहेत, त्यामुळे तो कुठं वळला ते दिसलं नाही.

तू मला रागाव, मुली. मला चालेल.

वालचक काका

*

बायू शेव्रेट
२२ जुलै १९७९

काका,

डावीकडे वळलो होतो.

कॅम्पच्या फाटकाशी गाडी लावली. नवी पोरं सराव करत होती, मागच्या फळीत माझ्या जागी एक लांबसडक पोरगा होता, चांगला धडकत होता. मी कुंपणाशी उभा राहून अर्धा तास बघितलं. मग कोच डर्किनच्या खोलीत गेलो. ते खुर्चीत बसले होते, म्हणाले, "टोलनाका! ये. दोन दिवस आधीच आलास?" मी म्हटलं, "कोच, तुमच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ किती वाजले दाखवतंय ते मला विचारा." ते म्हणाले, "का? किती वाजले?" मी म्हटलं, "मला दिसत नाही. मान तिथपर्यंत जात नाही. नोव्हेंबरपासून."

ते रागावले, पण उशिरा. आधी उठून दार लावलं. त्याच दिवशी गावातल्या डॉक्टरकडे घेऊन गेले, एक्सरे काढले. दोन मणके एकमेकांना चिकटलेत आणि तिसरा सरकलाय. डॉक्टरनं फिल्म खिडकीला लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. मग मला म्हणाला, "तुम्ही इथपर्यंत चालत आलात?" मी म्हटलं, "गाडीनं आलो." कोच हसले नाहीत.

खेळ संपला. नऊ वर्षं. फोटो लागणार नाही. याचं वाईट वाटतं, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? पिंजरे उचलताना मधेच आठवतं आणि तसाच उभा राहतो, सासरे हाका मारतात. सप्टेंबरचा पहिला रविवार कसा जाईल ते ठाऊक नाही. ओडेटनं तिच्या पत्राचं सांगितलं. दोन दिवस भांडलो, मग दाढी करायची वेळ आली.

नॅनेटला मी ईस्टरचं खरं सांगितलं. ती म्हणाली मग आता गाते, आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसून सगळं गाणं गायली.

माफीचं बोललात, त्याबद्दल एक सांगायचं होतं, तेव्हा शेडमध्ये जमलं नाही. मार्चमध्ये तुम्ही मला भित्रा म्हणालात तेव्हा ते खरंच चूक होतं. नऊ वर्षांत मी एकदाही घाबरलो नव्हतो, त्या बैलासमोरसुद्धा नाही. तुम्ही बोट वर केलंत आणि माझ्या लक्षात आलं की मघाशी केसांना लागलं ते कोळिष्टक नव्हतं. तेव्हा घाबरलो. गाडी चालवताना घाबरलेला होतो, कोचच्या खोलीत होतो, आत्ता हे लिहितानाही आहे. ओडेटला सांगितलं. ती म्हणाली, "तसाच राहा."

एल्व्हिन